मंगळवेढ्याची कोरडवाहू काळी जमीन आणि लांज्याची वरकस जमीन: जैवइंधनाचे कोणते पीक कोठे घ्यावे?

प्रश्न: माणकाठ

सर्वांना नमस्कार. आमची वडिलोपार्जित कोरडवाहू काळी जमीन सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यात आहे, आणि पत्नीच्या माहेरची वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुक्यात आहे. सासऱ्यांच्या पश्चात तिची देखभालही आमच्याकडेच आली आहे. मंगळवेढ्याकडे वर्षाला पाचशे ते साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर लांज्याकडे तीन हजारांच्या वर. सध्या आमच्या भागात एक खासगी कंपनी गावोगावी बैठका घेऊन बायो-सीएनजीसाठी नेपियर गवत लावण्याचा आग्रह करीत असून त्यासाठी एकरी नोंदणी शुल्क मागत आहे. हे गवत कोणत्याही हवामानात येते, असे त्यांचे प्रतिनिधी सांगतात. पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलमुळे मक्याला आणि उसाला मागणी वाढल्याच्या बातम्याही आपण सारे वाचतोच.

माझा प्रश्न असा, की दमट आणि कोरड्या हवामानात इंधनासाठी पीक घेताना नेमका कोणता फरक पडतो? कोकणात पाणी मुबलक आहे म्हणून तेथे इंधनपिके आणि सोलापुरात पाणी कमी आहे म्हणून मोगली एरंडासारखी (जट्रोफा, ज्याच्या बियांच्या तेलापासून डिझेल करतात) काटक झाडे, अशी विभागणी बरोबर ठरेल का?

उत्तर १: ओलावा

माणकाठ साहेब, आपण विचारलेली विभागणी वरवर पटण्यासारखी असली तरी तिच्या दोन्ही बाजू तपासून घेणे आवश्यक आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पिकाच्या दृष्टीने वर्षाचा एकूण पाऊस हा आकडा फारसा उपयोगाचा नसतो. मुळांच्या थरात किती महिने ओल टिकते, हे महत्त्वाचे असते. लांज्याचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि जांभ्या दगडावरची उथळ, उताराची माती ते पाणी धरून ठेवत नाही. त्यामुळे डिसेंबर उजाडेपर्यंत तेथील वरकस जमिनीत हंगामी पिकाला पुरेल एवढी ओल राहत नाही. याउलट मंगळवेढ्याची खोल काळी जमीन एका मीटर खोलीत साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पिकासाठी साठवते, आणि त्याच साठ्यावर, वरून पाऊस नसताना, मालदांडी ज्वारी रब्बीत उभी राहते. म्हणजे कागदावर दमट असलेला कोकण आठ महिने कोरडा असतो, आणि कागदावर कोरडे असलेले आपले शिवार थंडीत ओलीवर पीक देते.

दुसरी गोष्ट हवेच्या कोरडेपणाची. पान जेव्हा कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी आपली रंध्रे उघडते तेव्हा त्याच रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते, आणि ती किती जावी हे हवेची वाफ शोषण्याची ओढ ठरवते. तापमान ३८ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता २५ टक्के असेल, तर ही ओढ सुमारे ५ किलोपास्कल (दाबाचे एकक) भरते. ३० अंशाला आर्द्रता ८५ टक्के असेल, तर ती ०.६ च्या आसपास येते. पीक तेच आणि जमेस धरलेला कार्बनही तेवढाच असला तरी सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यासाठी कोकणातल्या पावसाळ्याच्या कितीतरी पट पाणी हवेत जाते. रब्बीत, हवा २८ अंश आणि आर्द्रता ४५ टक्के असताना, ही ओढ २ किलोपास्कलच्या जवळपास असते. म्हणून कोरड्या प्रदेशात पाण्याचा सर्वांत चांगला मोबदला थंडीतले पीक देते आणि सर्वांत वाईट मोबदला उन्हाळ्यात हिरवे ठेवलेले पीक देते. ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असल्याने त्याला हा उन्हाळा टाळता येत नाही.

म्हणूनच उसाविषयी मला तीव्रतेने वाटते. नीती आयोगाच्या इथेनॉल मिश्रणाविषयीच्या २०२१ च्या आराखड्यात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नमूद आहे. ब्राझीलमधील साओ पावलो राज्यात ऊस मुख्यतः १,३०० ते १,५०० मिलिमीटर पावसावर येतो आणि पक्व होण्याच्या वेळी त्याला कोरडा, थंडावा असलेला हंगाम आपोआप मिळतो. तेथील इथेनॉलचा हिशोब आपल्याकडे जसाच्या तसा लावणे योग्य नाही. आपल्याकडे साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी मागणारे पीक धरण, कालवा आणि विंधन विहिरींच्या जोरावर उभे केले जाते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, आणि त्याच लातूर जिल्ह्यात ऊसही होता, हे आपण विसरता कामा नये.

आता मोगली एरंडाबद्दल. काटक झाड कमी पाण्यात जगते, परंतु कमी पाण्यात भरपूर बी देत नाही. जगणे आणि उत्पादन देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये एक कोटी हेक्टरांहून अधिक जमिनीवर मोगली एरंड लावण्याची शिफारस केली होती. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसावर झाडे तगली, पण पडीक जमिनीवर बियांचे उत्पादन अपेक्षेच्या जवळपासही गेले नाही. फळे एकाच वेळी पक्व होत नसल्याने तोडणीची मजुरी वाढत गेली आणि बी विषारी असल्यामुळे पेंड जनावरांना घालण्याचा मार्गही बंद राहिला. पाऊस जास्त असलेल्या भागात हे झाड पाणथळ सहन करीत नाही आणि मुळे कुजतात. म्हणजे ते आपल्या दोन्ही जमिनींना योग्य नाही.

उत्तर २: कातळपायवाट

मी राजापूर तालुक्यात शेती करते, त्यामुळे लांज्याच्या बाजूने लिहिते. ओलावा सरांनी जांभ्या जमिनीविषयी जे लिहिले आहे ते आम्ही दर वर्षी पाहतो. त्यात आणखी दोन गोष्टी घालाव्याशा वाटतात. पहिली म्हणजे, जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट असली तरी आकाश सतत ढगाळ असते. पाणी मुबलक असताना ऊन नसते आणि ऊन येते तेव्हा जमिनीतील पाणी निघून गेलेले असते. दुसरी म्हणजे, मुसळधार पावसात खतातील नत्र वाहून व झिरपून जाते आणि माती आम्ल राहते, म्हणून ज्याच्याकडून दर वर्षी भरपूर पाला घ्यायचा असतो असे कोणतेही पीक येथे खताचा मोठा खर्च करायला लावते.

उसाचा प्रश्न तर येथे वेगळाच आहे. ऊस वाढतो, पण साखर भरण्यासाठी लागणाऱ्या थंड, कोरड्या रात्री किनाऱ्याजवळ पुरेशा मिळत नाहीत. वैभववाडी परिसरातील शेतकरी ऊस लावतात आणि तो घाट चढवून गगनबावड्याकडे पाठवतात, ही वस्तुस्थिती आहे, परंतु तेथे ओढ्यानदीचे बारमाही पाणी आणि जवळ कारखाना, या दोन्ही सोयी आहेत. आपल्या वरकस जमिनीला त्यातील एकही असेल असे वाटत नाही.

आमच्याकडे इंधनाचे म्हणून कोणाला मान द्यायचा तर तो उंडी आणि करंज या तेलबिया देणाऱ्या झाडांना द्यावा. उंडी समुद्रकाठच्या वाळूत आणि खाऱ्या वाऱ्यात उभी राहते. तिच्या गरात वजनाच्या निम्म्याहून अधिक तेल असते, आणि वीज येण्यापूर्वी किनाऱ्यावरील कितीतरी घरांत याच तेलाचे दिवे लागत असत. ही झाडे आपल्या खोल मुळांनी उन्हाळ्याचे महिने काढतात, म्हणून चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड अशा हवामानाला ती जुळतात. मात्र ती फळायला अनेक वर्षे लागतात, आणि बी गोळा करण्याची मजुरी आज काजूच्या मजुरीशी स्पर्धा करते. ज्या उतारावर काजू येऊ शकतो तेथे इंधनासाठी झाड लावा, असे मी आपणास प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

बांबूचाही विचार जरूर करावा. आसाममध्ये नुमालीगड येथे बांबूपासून इथेनॉल करण्याचा प्रकल्प उभा राहिला आहे, परंतु तेथे पाऊस मार्चपासूनच सुरू होतो आणि बांबूची बेटे विस्तीर्ण आहेत. सिंधुदुर्गात माणगा जातीच्या बांबूची लागवड चांगली होते. त्याची काठी बांधकामासाठी आणि बागांच्या आधारासाठी विकली जाते आणि तो भाव जाळण्याच्या किंवा आंबवण्याच्या भावापेक्षा चांगला असतो. इंधनाला काठीचे तुकडे, शेंडे आणि फांद्या द्याव्यात. लागवड केल्यास पहिली तीन वर्षे वणवा आणि मोकाट गुरे यांपासून तिचे रक्षण करणारे कोणीतरी गावात हवे, अन्यथा रोपे लावण्याचा खर्च वाया जातो.

उत्तर ३: गाळपहंगाम

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका आसवनीत (इथेनॉल तयार करणाऱ्या कारखान्यात) कच्च्या मालाच्या खरेदीचे काम पाहतो. वरील दोन्ही उत्तरे शेताच्या बाजूची आहेत. मी कारखान्याच्या फाटकाच्या बाजूने थोडे मांडतो, कारण इंधनपिकाचा निकाल बहुतेक वेळा तेथे लागतो.

उसाच्या रसापासून टनाला साधारण ७० लिटर, गोड ज्वारीच्या ताटांपासून ४० लिटरच्या आसपास आणि मक्याच्या दाण्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल मिळते. दाणा कोरडा असतो, साठवता येतो आणि दूरवरून आणता येतो. ऊस आणि गोड ज्वारी यांच्या वजनाचा मोठा भाग पाणी असतो. नेपियर गवतात तर सुमारे ८० टक्के पाणीच असते. आपल्या शेतापासून प्रकल्प चाळीस-पन्नास किलोमीटरवर असेल, तर आपण प्रामुख्याने पाण्याची वाहतूक करणार आहात. शिवाय नेपियरच्या वर्षातून चार-पाच कापण्या मिळतात त्या ओलिताखाली. कोरडवाहू मंगळवेढ्यात किंवा डिसेंबरनंतरच्या लांज्यात ते गवत वाढत नाही, केवळ जिवंत राहते. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू केलेली संपीडित जैववायूची (म्हणजेच बायो-सीएनजीची) योजना खरी आहे आणि तिचे प्रकल्पही चालू आहेत. पण त्यांना शेण, प्रेसमड (साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) आणि शेतातील अवशेष हा तयार कच्चा माल उपलब्ध आहे. शेतकऱ्याकडूनच नोंदणीचे पैसे घेणाऱ्या व्यवहारात माल उचलण्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गोड ज्वारी हे कोरड्या भागासाठी खरोखर विचार करण्यासारखे पीक आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘मधुरा’ हा संकरित वाण विकसित केला, पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनेही यावर बरेच काम केले. चार महिन्यांचे पीक, उसाच्या चौथाई-तिहाई पाणी, आणि वर दाणाही मिळतो. अडचण कापणीनंतर सुरू होते. ताट तोडल्यावर एक-दोन दिवसांत रसातील साखर उतरू लागते, आणि सगळ्या शेतांची कापणी एकाच पंधरवड्यात येत असल्याने वर्षाचे उरलेले महिने यंत्रे रिकामी राहतात. त्यामुळे कारखान्याजवळच्या शेतकऱ्यांचा गट नसेल तर एकट्याने हे पीक घेण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट. मागणी आज आहे म्हणून उद्याही तशीच राहील, हे गृहीत धरू नये. २०२३ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकात पाऊस कमी झाला, साखरेचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसताच त्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, आणि आसवन्या मक्याकडे वळल्या. कोरड्या प्रदेशातील उसावर उभ्या असलेल्या इंधनव्यवस्थेचा धोका त्या एका हंगामात सर्वांना दिसला.

माणकाठ

तिघांचेही मनापासून आभार. कातळपायवाट ताई, काजूविषयीचा आपला सल्ला पत्नीला वाचून दाखवला आणि तिला तो पटला. ओलावा सर, एक शंका उरते. आमच्याकडे खरिपात काळे रान बहुतेक मोकळेच असते. त्या काळात गोड ज्वारी घेऊन नंतर रब्बीत मालदांडी घेता येईल का? आणि बांधावर करंज लावल्यास ज्वारीला त्रास होईल का?

उत्तर: ओलावा

खरिपात रान मोकळे ठेवतात ते सप्टेंबरचा पाऊस जमिनीत मुरवून रब्बीसाठी ठेवण्यासाठी. त्या काळात गोड ज्वारी घेतली तर तीच ओल ती संपवेल आणि मालदांडीला पेरणीलाच ओल कमी पडेल. गोड ज्वारी रब्बीत सरकवण्याचाही उपयोग नाही, कारण लहान दिवस आणि थंडी यांमुळे ताटांची उंची आणि रस दोन्ही घटतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, दाण्याला भाव आहे आणि कडब्याला त्याहून अधिक मागणी आहे. तो कडबा इंधनासाठी देणे म्हणजे आपल्याच गोठ्यातील वैरण काढून देणे होईल. आपल्या भागातून इंधनाला काही द्यायचेच असेल तर तुरीच्या तुऱ्हाट्या आणि ओढ्याकाठची वेडी बाभूळ द्यावी. त्यांना वेगळे पाणी द्यावे लागत नाही आणि जळणाच्या विटा किंवा गोळ्या करणारे त्या घेतात.

करंज बांधावर जरूर लावावा, पण तो शेताच्या उत्तरेकडील बांधावर लावावा, म्हणजे हिवाळ्यात दक्षिणेकडे झुकलेल्या सूर्यामुळे पडणारी त्याची सावली शेताबाहेर जाईल. दोन झाडांत आठ-दहा मीटर अंतर ठेवावे आणि पिकाच्या बाजूला दर वर्षी नांगराने एक खोल सरी ओढून वरची मुळे छाटावीत. त्यापूर्वी ऑक्टोबरच्या अखेरीस शेतात तीन ठिकाणी मीटरभर खोल खड्डे घेऊन मुरूम किती खाली लागतो ते मोजून येथे कळवावे. एका हाताच्या (सुमारे दीड फुटाच्या) आत मुरूम लागला, तर त्या तुकड्यापुरता ज्वारीऐवजी दुसरा विचार करू.