मधुमेह आहे, पण छातीत दुखत नाही. अँजिओग्राफी करावी का?

प्रश्न (खानापूर): वडिलांचे वय ५८ असून मधुमेह जुना आहे. ईसीजी नॉर्मल आला, तरी बेळगावला नेऊन अँजिओग्राफी करावी, असा नातेवाइकांचा आग्रह आहे. ती आवश्यक आहे का?

उत्तर (बेळगाव): विश्रांतीत काढलेला ईसीजी नॉर्मल असला म्हणून हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असे ठरत नाही, शिवाय मधुमेहाने मज्जातंतू बाधित झाल्यास छातीत न दुखता केवळ चढणीला दम लागणे एवढेच लक्षण दिसू शकते. तथापि लक्षणे नसताना थेट अँजिओग्राफी नको. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायड’ अभ्यासात अशा मधुमेहींची सरसकट हृदयतपासणी केल्याने झटक्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही. आधी रक्तदाब, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लघवीतील अल्ब्युमिन (मूत्रपिंडाला इजा झाल्यास लघवीत उतरणारे प्रथिन) पाहावे. शेवटची तपासणी बहुधा राहूनच जाते.

उत्तर (निपाणी): तंबाखूचेही डॉक्टरांना सांगावे. आमच्याकडे चुना मळून खाल्लेली तंबाखू कोणी व्यसनात धरतच नाही, त्यामुळे ‘बिडी ओढत नाही’ एवढ्यावर विषय मिटतो.

प्रश्नकर्ता: दम लागत नाही, तंबाखूची डबी मात्र खिशात असते. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) सुरू करावे का?

उत्तर (बेळगाव): चाळिशीनंतरच्या मधुमेहींना ते सहसा देतातच, पण निर्णय डॉक्टरांचा. धोक्याचा अंदाज येत नसेल, तर सीटी स्कॅनवरील कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेल्या कॅल्शियमचे मोजमाप) उपयोगी पडतो. तो १००च्या वर असल्यास उपचार अधिक कडक करावे लागतात.