सिस्टिम३२ मधल्या जुन्या तारखेच्या डीएलएल (विंडोज आणि सॉफ्टवेअरला लागणाऱ्या फाइली) पुसल्या गेल्या, फॉरमॅट न करता परत येतील का?

पत्रिका_बार्शी
नमस्कार, टेन्शनमध्ये लिहितेय त्यामुळे मागेपुढे होईल, सांभाळून घ्या. बार्शीत आमचं लग्नपत्रिका, बिलबुक, फ्लेक्सचं काम आहे, डीटीपी मीच करते. कॉम्प्युटर २०२२ ला घेतलेला, विंडोज १०, रॅम ८ जीबी, एसएसडी १२० जीबी आणि कामाच्या जुन्या फाइली वेगळ्या हार्डडिस्कवर. गेले महिनाभर सी ड्राइव्ह लाल दाखवत होता, २ जीबी पण शिल्लक नाही, कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडलं की अडकायचं. काल रात्री एक व्हिडिओ बघून सफाई करायला बसले. त्यात सांगितलं तसं राइट क्लिकच्या मेनूत टेक ओनरशिप (फाइलीची मालकी आपल्याकडे घ्यायचा पर्याय) आणलं, एक-दोन सर्व्हिस (मागे चालणारे विंडोजचे प्रोग्राम) मेमरी खातात म्हणून बंद केल्या, कंट्रोल पॅनलमध्ये व्हिज्युअल सी प्लस प्लस नावाच्या सात-आठ सारख्याच एंट्री होत्या त्या डबल समजून अनइन्स्टॉल केल्या. आणि मग सिस्टिम३२ फोल्डर उघडला, तारखेने लावला तर शेकडो फाइलींवर ७ डिसेंबर २०१९. मशीनच २०२२ चं, मग २०१९ च्या फाइली कशाला लागतील असं वाटलं आणि शिफ्ट डिलीट करत गेले. ज्या पुसत नव्हत्या त्या स्किप केल्या. साधारण ४०० गेल्या असतील, सिलेक्ट केल्यावर ३१० एमबी दाखवत होतं. गंमत म्हणजे एवढं पुसूनही सी ड्राइव्हची जागा वाढलीच नाही, तेव्हा शंका आली आणि थांबले.

आज सकाळी मशीन चालू होतंय, डेस्कटॉप येतोय, पण प्रिंटर गायब, स्पूलर (प्रिंटची कामं सांभाळणारी सर्व्हिस) सुरू केला की लगेच बंद पडतो. स्कॅनर ओळखत नाही. कटिंग प्लॉटरचं सॉफ्टवेअर उघडलं की एमएसव्हीसीपी१४० डॉट डीएलएल सापडत नाही म्हणून मेसेज. इथल्या एका रिपेअरवाल्याला फोन केला तर म्हणाला फॉरमॅटशिवाय पर्याय नाही, संध्याकाळी घेऊन या. पण फॉरमॅट केलं तर माझे सगळे मराठी फॉन्ट जातील, काही फॉन्ट दहा-बारा वर्षांपूर्वीचे आहेत, त्यांची सीडी कुठे आहे माहीत नाही, आणि तो फॉन्ट नसला की जुनी पत्रिका उघडल्यावर गणेशाय नमः च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. पुढच्या आठवड्यात तीन लग्नांच्या पत्रिका द्यायच्यात. काही मार्ग आहे का?

बिट्स_कोथरूड
ताई, आधी एक करा, त्या रिपेअरवाल्याकडे जाऊ नका आणि मशीन बंद-चालू करत बसू नका. सगळ्यात आधी सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरच्या आत फॉन्ट्स नावाचा फोल्डर आहे तो पूर्ण कॉपी करून पेनड्राइव्हवर टाका, डेस्कटॉप पण टाका. हे झालं की निम्मी भीती संपली.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंय ना की ३१० एमबी पुसून जागा वाढलीच नाही, त्यातच तुमचं उत्तर आहे. सिस्टिम३२ मधल्या विंडोजच्या स्वतःच्या फाइलींपैकी बहुतेक सगळ्या खरं तर विंडोज फोल्डरमधल्या विनएसएक्सएस या फोल्डरात पण असतात, आणि ती दुसरी कॉपी नसते, डिस्कवर डेटा एकच असतो, त्याला नावं दोन ठिकाणी दिलेली असतात. याला हार्ड लिंक म्हणतात. घरात एकाच माणसाला आई बाळू म्हणते आणि शाळेत बाळकृष्ण म्हणतात तसं. तुम्ही बाळू हे नाव पुसलंत, माणूस जागेवर आहे. म्हणून जागा सुटली नाही, आणि म्हणूनच त्या परत येतील. खात्री करायची असेल तर कमांड प्रॉम्प्टवर एफएसयूटिल हार्डलिंक लिस्ट आणि पुढे सिस्टिम३२ मधल्या नोटपॅडचा पूर्ण पाथ द्या, एकाच फाइलचे दोन-तीन पत्ते दाखवेल, त्यातला एक विनएसएक्सएस मधला असेल.

तारखेबद्दल पण सांगतो कारण यात खूप जण फसतात. ७ डिसेंबर २०१९ ही तुमच्या मशीनची तारीख नाही, मायक्रोसॉफ्टने विंडोजचं ते मूळ बिल्ड बांधलं त्याची आहे, २००४ (हे वर्ष नाही, व्हर्जनचं नाव आहे) पासून २२एच२ पर्यंतचे विंडोज १० सगळे त्याच पायावर आहेत, त्यामुळे काल घेतलेल्या मशीनवर पण हीच तारीख दिसते.

करायचं असं. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, आणि टाइप करा एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ, अर्थात इंग्रजी अक्षरांत. हे टूल प्रत्येक सिस्टिम फाइल तपासतं आणि जी नाही ती विनएसएक्सएस मधून परत जोडतं. पंधरा-वीस मिनिटं लागतील, खिडकी बंद करू नका.

रिकव्हरी सॉफ्टवेअर टाकायच्या मागे लागू नका. एसएसडीवर पुसलेल्या फाइलची जागा ट्रिममुळे (पुसलेली जागा साफ करायला एसएसडीला सांगणारी सोय) लवकरच रिकामी केली जाते, बहुतेक वेळा हाताला काही लागत नाही, आणि तुमच्याकडे २ जीबी पण उरलेले नाहीत, त्यात अजून भर नको. आणि डीएलएल डाउनलोडच्या साइटवरून एकही फाइल आणू नका, प्लीज. कुठल्या व्हर्जनची आहे, आत काय भरलंय, काही कळत नाही.

जुना_ठाणेकर
बिट्स बरोबर सांगतोय, मी फक्त धीर द्यायला लिहितोय. २००१-०२ ला मी ठाण्यात सायबर कॅफे सांभाळायचो, तेव्हा एक मेल फिरला होता की तुमच्या मशीनमध्ये जेडीबीजीएमजीआर नावाची फाइल असेल तर तो व्हायरस आहे, अँटीव्हायरसला सापडत नाही, लगेच पुसा आणि सगळ्यांना कळवा. त्या फाइलचं चित्र राखाडी टेडी बेअरचं होतं त्यामुळे लोकांना पटायचं. प्रत्यक्षात ती जावाशी संबंधित मायक्रोसॉफ्टचीच फाइल, बहुतेक विंडोज मशीनमध्ये असायची. त्याच्या आदल्या वर्षी सल्फएनबीके नावाच्या फाइलवरून अगदी असाच मेल आला होता, ती तर विंडोज ९८ मध्ये लांब नावं परत आणायची साधी युटिलिटी. शिकलेसवरलेले लोक, बँकेतले, कॉलेजातले, येऊन सांगायचे की आम्ही पुसली, आता काय. तेव्हाच्या विंडोज ९८ मध्ये विनएसएक्सएस वगैरे काही नव्हतं, विंडोजची सीडी घालायची, कॅब फाइलीत (झिपसारख्या दाबून भरलेल्या गठ्ठ्यांत) ती फाइल कुठे आहे ते शोधायचं आणि एक्स्ट्रॅक्ट कमांडने काढून जागेवर ठेवायची. एका फाइलला अर्धा तास. त्यामानाने आता ४०० फाइली एका कमांडने येतात ताई. त्या लोकांची चूक नव्हती आणि तुमची पण नाही, सांगणारा खात्रीने सांगतो तेव्हा माणूस ऐकतो.

पत्रिका_बार्शी
दोघांचे आभार, फॉन्ट फोल्डर आणि डेस्कटॉप कॉपी केला. पण एसएफसी चालतच नाही, विंडोज रिसोर्स प्रोटेक्शन कुड नॉट स्टार्ट द रिपेअर सर्व्हिस असं येतं आणि संपतं. दोनदा केलं. आता हात थरथरतायत.

लॅब_चिपळूण
ताई घाबरू नका, हे त्या बंद केलेल्या सर्व्हिसचं आहे. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये एका मुलाने हेच केलं होतं. विंडोज आणि आर दाबा, सर्व्हिसेस डॉट एमएससी टाका, यादीत विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर शोधा. डबल क्लिक केलं की स्टार्टअप टाइपमध्ये डिसेबल्ड दिसेल, ते मॅन्युअल करा, अप्लाय, आणि स्टार्ट. या सर्व्हिसचंच आतलं नाव ट्रस्टेडइन्स्टॉलर, म्हणजे तुम्ही टेक ओनरशिप करून ज्या मालकाकडून फाइली घेतल्यात तोच मालक. सिस्टिम फाइली बदलायचा हक्क त्याच्याकडेच असतो, एसएफसी त्याच्यामार्फतच काम करतं, म्हणून तो बंद तर दुरुस्ती बंद.

मग परत स्कॅननाऊ करा. शेवटी तीनपैकी एक वाक्य येईल. काही बिघाड सापडला नाही, किंवा सापडला आणि दुरुस्त केला, किंवा सापडला पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत. तिसरं आलं तरच पुढे जायचं, म्हणजे डिस्म, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. हे विनएसएक्सएसच्या आतच काही खराब असेल तर ते विंडोज अपडेटवरून आणून भरतं, त्यानंतर पुन्हा एसएफसी. टक्के मध्येच बराच वेळ अडकल्यासारखे वाटतील, अडकलेलं नसतं, थांबायचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून आता हे चालणार नाही असं कोणी सांगेल, तसं नाही, ही दोन्ही टूल्स तुमच्या मशीनमध्येच आहेत.

आणि समजा मधेच मशीन चालूच झालं नाही तरी फॉरमॅट नाही. निळ्या रिकव्हरी स्क्रीनच्या कमांड प्रॉम्प्टवरून पण एसएफसी चालतं, फक्त तिथे ऑफबूटडिर आणि ऑफविंडिर जोडून विंडोज कुठे आहे ते सांगावं लागतं, आणि तिथे तुमचा सी कधीकधी डी म्हणून दिसतो ते आधी बघायचं. तशी वेळ आली तर लिहा, नीट सांगतो.

पत्रिका_बार्शी
झालं!! सर्व्हिस मॅन्युअल केली, एसएफसी शंभर टक्के झालं आणि दुसरं वाक्य आलं, सापडल्या आणि दुरुस्त केल्या. रीस्टार्ट केल्यावर स्पूलर सुरू, प्रिंटर आला, टेस्ट पेज निघालं, स्कॅनर पण ओळखतोय. डिस्म करायची वेळच आली नाही. पण प्लॉटरचा एमएसव्हीसीपी१४० चा मेसेज तसाच आहे, तो एसएफसीने का नाही आणला? आणि सी ड्राइव्ह अजून लालच.

बिट्स_कोथरूड
वा, मस्त. ती फाइल विंडोजची नाहीच म्हणून. एसएफसी फक्त विंडोजच्या स्वतःच्या फाइलींची हमी घेतं. एमएसव्हीसीपी१४० येते त्या व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबलबरोबर, ज्या एंट्री तुम्ही डबल समजून काढल्यात. त्या डबल नसतात, प्रत्येक सॉफ्टवेअर ज्या वर्षीच्या साधनाने बनवलं त्या वर्षीची त्याला लागते. मेसेजमधला आकडा बघून कळतं, ९० असेल तर २००८ ची, १०० म्हणजे २०१०, ११० म्हणजे २०१२, १२० म्हणजे २०१३, आणि १४० म्हणजे २०१५ पासून पुढची सगळी एकत्र. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर मिळतात, फुकट. आणि एक्स६४ आणि एक्स८६ दोन्ही टाका, मशीन ६४ बिटचं असलं तरी. प्लॉटरची सॉफ्टवेअर बरेचदा ३२ बिटची असतात आणि त्यांना एक्स८६ वालीच लागते. इथे नावांचा घोळ आहे तो लक्षात ठेवा, ६४ बिटच्या फाइली सिस्टिम३२ मध्ये आणि ३२ बिटच्या सिसवॉव६४ मध्ये असतात, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे.

जागेसाठी विनएसएक्सएसला हात लावू नका, तो फोल्डर दिसतो त्यापेक्षा लहान असतो कारण त्याच दोन नावांच्या फाइली दोनदा मोजल्या जातात. डिस्क क्लीनअप उघडा, क्लीन अप सिस्टिम फाइल्स दाबा, विंडोज अपडेट क्लीनअपला टिक करा. दुसरं, अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ. हायबरनेटची फाइल जाते, ८ जीबी रॅमला साधारण ३ जीबी सुटतात, बदल्यात हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप जातं. आणि डेस्कटॉपवर पत्रिका ठेवत असाल तर बॅकअप ऑफ ने सुरू होणाऱ्या फाइली शोधा, कोरल मूळ फाइलशेजारी त्या तयार करत असतं.

पत्रिका_बार्शी
दोन्ही टाकल्या, प्लॉटर चालू झाला. बॅकअप ऑफ वाल्या नुसत्या डेस्कटॉपवरच ६ जीबीच्या निघाल्या, २०२२ पासूनच्या! मूळ फाइली एकेक उघडून बघून मगच काढल्या, हायबरनेट बंद केलं, आता १४ जीबी मोकळे आहेत. फॉन्टचा पेनड्राइव्ह कपाटात ठेवला आणि एक कॉपी हार्डडिस्कवर. मेनूतलं ते टेक ओनरशिप कसं काढायचं तेवढं सांगा, त्या व्हिडिओखाली एक फाइल होती ती डबल क्लिक करून आलं होतं.

लॅब_चिपळूण
ती फाइल झिपमधून आली असेल तर त्या झिपमध्ये बघा, बहुतेक वेळा रिमूव्ह नावाची दुसरी फाइल त्याच्यासोबतच असते. सरळ डबल क्लिक करू नका, आधी राइट क्लिक, एडिट करून नोटपॅडमध्ये उघडा आणि आतला मजकूर इथे टाका, बघून सांगतो. आणि हे झालं की कंट्रोल पॅनल, सिस्टिम, सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये सी ड्राइव्हला प्रोटेक्शन ऑन करा, ४ जीबी द्या. विंडोज १० मध्ये ते बऱ्याच मशीनवर बंदच असतं, तुमचं चालू असतं तर काल रात्रीचंच मागे नेता आलं असतं.