लाजरा आवाज आणि टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा: तयारी नेमकी कशाची?

मंद्रसप्तक (प्रश्न)

गळा तयार, सूर चोख, पण समोर चार अनोळखी माणसं बसली की आवाज आत ओढला जातो. अशा गायिकेने टीव्हीवरच्या स्पर्धेची तयारी कशी करावी? वय १९, शास्त्रीय शिक्षण सहा वर्षं, पट्टी काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी हा ‘सा’). ऑडिशन दोन महिन्यांवर, गायला जेमतेम दीड मिनिट. ‘बिनधास्त गा’ छापाचे सल्ले भरपूर मिळालेत, ते नकोत. गाणं आणि पट्टी कशी निवडावी, माइकचं काय, आणि निवड झालीच तर पुढे काय सांभाळायचं, एवढं सांगा.

खर्ज

भीती घालवायच्या मागे लागू नका, दोन महिन्यांत ती जात नाही. ती गळ्याचं काय करते ते बघा आणि गाणं त्या हिशेबाने बसवा. घाबरलं की श्वास वरच्या वर राहतो, स्वरयंत्र वर सरकतं, तोंड कोरडं पडतं. परिणाम ठरलेले: लांब ठेवलेला स्वर थरथरतो, तारसप्तक (वरचे स्वर) ताणल्यासारखं लागतं, लय पळते.

म्हणून गाण्यातला सगळ्यात वरचा स्वर तुमच्या रियाजातल्या टोकाच्या स्वरापेक्षा निदान दोन स्वर खाली हवा. पहिली ओळ मध्यसप्तकातली (मधल्या स्वरांची), छोट्या तुकड्यांची, मध्ये श्वासाला जागा असलेली. पहिल्याच शब्दावर लांब ठहराव असलेलं गाणं कितीही आवडतं असलं तरी बाजूला ठेवा, थरथर तिथेच पकडली जाते. आलाप तीन-चार सेकंद, पुढे मुखडा, एक अंतरा, परत मुखडा. उंच जागा साधारण ४५ ते ५० सेकंदांवर यावी. तोवर श्वास खाली उतरलेला असतो. शिवाय परीक्षक मध्येच थांबवू शकतात, त्यामुळे दाखवायची जागा शेवटच्या दहा सेकंदांत दडवून ठेवण्यात अर्थ नाही.

रोजचा एक सराव: दोन मजले भरभर चढा आणि वर पोचल्या पोचल्या, दम न घेता, मुखडा गा. छातीत धडधडत असताना सूर कुठे हलतो ते आठवड्याभरात कळतं. बहुतेकदा ओळीच्या शेवटी उतरतो, कारण श्वास आधीच संपलेला असतो. तिथे श्वासाची जागा बदला आणि ती कायमची पक्की करा.

त्या दिवशी सकाळी पूर्ण आवाजात रियाज नको. पेलाभर पाण्यात नळी दोन-तीन सेंटीमीटर बुडवून पाच मिनिटं सुरात बुडबुडे काढा, मग दहा मिनिटं हलके पलटे (स्वरांचे सरावाचे तुकडे). नंबर यायला पाच-सहा तासही लागतात. तेवढ्या वेळात रांगेतल्या इतरांबरोबर गात बसणं हा गळा घालवायचा हमखास मार्ग.

फेडर

माइकबद्दल. लाजरी माणसं माइक हनुवटीच्या खाली, छातीपाशी धरतात. तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने पडतो. मग साउंडवाला गेन (माइकची आवाज पकडण्याची पातळी) चढवतो आणि स्पीकरमधून शिट्टी सुरू होते. गायिकेला वाटतं आपलंच चुकलं, ती माइक आणखी लांब नेते.

ओठ आणि जाळी यांत दोन ते तीन बोटं अंतर, माइक किंचित तिरका, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फटके बसत नाहीत. जाळी मुठीत धरायची नाही, त्यानेही शिट्टी येते. तार स्वराला वीतभर मागे न्या, नंतर पुन्हा जवळ आणायला विसरू नका (इथेच नव्वद टक्के लोक चुकतात, माइक लांबच राहतो). बारीक आवाजाला जवळचा माइक फायद्याचा असतो, आवाजातला खालचा, जाड भाग भरून येतो. घरी पाव किलोचा तांब्या हातात धरून सराव केलात तरी चालेल, हाताला वजनाची सवय हवी.

सभागृहात सगळ्यात वाईट सवय म्हणजे मागच्या भिंतीवरून परत येणारा आवाज ऐकणं. भिंत २० मीटरवर असेल तर आवाज जाऊन यायला सुमारे ०.१२ सेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ती पाव मात्रा झाली. त्याच्या मागे लागलात की लय ओढली जाणार. कान मॉनिटरकडे (गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरकडे) ठेवा आणि साउंड चेकला स्पष्ट सांगा: ‘माझा आवाज वाढवा, वाद्यं कमी करा, रिव्हर्ब (घुमारा) नको.’ हे वाक्य पाठ करून जा, कारण लाजरा माणूस तिथे ‘चालेल, चालेल’ म्हणून मोकळा होतो आणि पुढची पाच मिनिटं भोगतो.

लेहरा

खर्ज यांच्या एका मुद्द्यात भर. वरचे स्वर वाचवायला लोक सरसकट पट्टी उतरवतात. काळी चारवरून पांढरी पाच ठीक, अर्ध्याच स्वराचा फरक. काळी तीनवर गेलात तर मंद्रातले (खालच्या स्वरांतले) शब्द हवेत विरतील, घाबरल्यावर खालचे स्वर आधी जातात. दोन्ही टोकं सांभाळणारी पट्टी सापडत नसेल तर गाणंच बदला.

दुसरं, बोलणं. नाव, काय शिकते, हेच गाणं का, अशी तीन वाक्यं तयार ठेवा, चौथं नको. नजर परीक्षकांच्या डोळ्यांत घालायची सक्ती नाही. त्यांच्या डोक्याच्या वर वीतभर पाहिलं तरी समोरून नीट दिसतं. फक्त जमिनीकडे नको, मान खाली गेली की गळा दबतो.

उत्तरांग

पुढचं सांभाळण्याबद्दल. सुसान बॉयल हे उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच. ११ एप्रिल २००९ ला ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’ या टीव्ही स्पर्धेतली तिची ऑडिशन प्रसारित झाली आणि ऑडिशनच्या वेळी ४७ वर्षांची असलेली स्कॉटलंडमधली ही बाई काही दिवसांत जगभर पोचली. अचानक उगवलेली मात्र नव्हती. चर्चमध्ये गायलेली, आवाजाचं शिक्षण घेतलेली, १९९९ मध्ये एका मदतनिधीच्या सीडीसाठी एक गाणं ध्वनिमुद्रित केलेली. ३० मे ला अंतिम फेरी, म्हणजे मध्ये मोजून ४९ दिवस. त्यात ती दुसरी आली, ‘डायव्हर्सिटी’ हा नृत्यगट जिंकला, आणि दुसऱ्याच दिवशी थकव्यामुळे तिला रुग्णालयात न्यावं लागलं. नोव्हेंबरमध्ये पहिला अल्बम आला तो ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर.

या ४९ दिवसांची तयारी कोणी करत नाही. निवड झाली की त्याच दिवशी ठरवा: फोन कोण उचलणार, प्रतिक्रिया कोण वाचणार (गायिकेने नाही), चित्रीकरणाव्यतिरिक्त आठवड्यात कोणता दिवस पूर्ण मोकळा. करार सही करण्याआधी वकिलाला दाखवा. त्यात चार गोष्टी शोधा: बाहेर गायची बंदी किती काळ, कार्यक्रमांच्या मानधनातला वाटा किती, ध्वनिमुद्रणाचा पहिला हक्क कुणाचा, मध्येच सोडलं तर काय. घरची परिस्थिती कॅमेऱ्यासमोर किती सांगायची तेही घरातच ठरवून घ्या. एकदा चित्रित झालं की संकलन तुमच्या हातात नसतं.

आणि बाहेर पडलं तरी दार बंद होत नाही. अरिजित सिंग २००५ च्या ‘फेम गुरुकुल’ या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोचला नव्हता. मधली वर्षं त्याने संगीतकारांकडे संगीताच्या प्रोग्रॅमिंगचं (संगणकावर वाद्यांचे सूर-ताल बसवण्याचं) काम केलं, घराघरांत नाव झालं ते २०१३ मध्ये.

मंद्रसप्तक

खूप उपयोगी. एकच शंका: घबराट कमी करायची गोळी त्या दिवसापुरती घ्यावी का?

खर्ज

डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. अशा वेळी घेतात त्या प्रोप्रॅनोलॉलने ठोके आणि हातांचा कंप कमी होतो, पण दमा असेल तर ती धोक्याची आहे. आणि डॉक्टरांनी दिलीच तर पहिल्यांदा ऑडिशनच्या दिवशी नको, आधी एखाद्या रियाजाच्या दिवशी घेऊन बघा. नाही दिली तर रांगेत उभ्या उभ्या चार मोजून श्वास आत, आठ मोजून बाहेर, पाच मिनिटं.