अंगठे धरण्याऐवजी काय? तुमचे अनुभव लिहा

कोंबडा, उठाबशा, ‘मी वर्गात बोलणार नाही’ शंभर वेळा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आलं आणि मार व मानसिक छळ, दोन्हींवर बंदी आली. छडी गेली, पण पालकांच्या ग्रुपवर मुलाची जाहीर शोभा आली! काही शाळा मात्र मुलांना गोलात बसवून विचारतात: काय झालं, त्रास कोणाला झाला, आता भरपाई कशी करायची? न्यूझीलंडने १९८९च्या कायद्यात गुन्हा केलेल्या मुलांसाठी कुटुंबाची बैठक आणली, ही त्याच वळणाची वाट. तुम्ही पाहिलंय असं काही?

शिक्षिका, परळ
सातवीतल्या एकाने जुलैत दुसऱ्याचा रेनकोट ब्लेडने फाडला. बापाला बोलावलं असतं तर त्याने तिथेच पोराला बदडला असता. म्हणून दोघांशी आधी वेगवेगळं बोलले, मग समोरासमोर बसवलं. रेनकोटवाला म्हणाला, “आई म्हणाली, पुढचा पगार होईपर्यंत भिजत जा.” दुसऱ्याची मान खाली. बऱ्याच वेळाने म्हणाला, “हा मला रोज जाड्या म्हणतो.” ते मला वर्षभर माहीतच नव्हतं. शेवटी ठरलं: पाऊस असेपर्यंत दोघांनी एका छत्रीतून स्टेशनपर्यंत जायचं, खाऊच्या पैशांतून रेनकोट शिवून आणायचा, आणि ‘जाड्या’ बंद. यात गणिताचे दोन तास गेले, मुख्याध्यापिकाबाई चिडल्या ते वेगळंच. कायदा सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हणतो, माझ्या वर्गात ५८. रोज कुठून वेळ काढू? दोस्ती वगैरे झाली नाही त्यांची. छत्री मात्र ऑगस्टपर्यंत एकच होती.

गिरगाव, दहावी १९८४
पंधरा मिनिटं अंगठे धरले होते. कशासाठी ते आठवत नाही. कोण कोण हसलं, ते सगळं आठवतं.

आई, बोरिवली
मला याचं एवढं कौतुक नाही. लेकीला छळणाऱ्या तिघींसमोर तिला न विचारता बसवलं. तिघींनी ‘सॉरी’ म्हटलं, बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. घरी येऊन म्हणाली, “आई, मला माफ करायला लावलं.” परळच्या ताईंनी आधी वेगवेगळं बोलून घेतलं, तेच आमच्याकडे कोणाला सुचलं नाही.

शाळेतला शिपाई, कुर्ला
नळ तोडला की आधी दंड, तो आईबापच भरायचे. यंदा तिघांना आठवडाभर माझ्यासोबत टाकी धुवायला दिलं. आता नळ गळला की तेच पहिले येऊन सांगतात, “मामा, वायसर गेलाय.”