खोक्यातला ऐवज

जुने संगणक-खेळ आजच्या संगणकावर डॉसबॉक्स या प्रोग्रॅमने सहज चालत असताना ते ज्यांतून विकले जात त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठी पैसे कशाला मोजायचे, हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्या काळातल्या कित्येक खेळांचा काही भाग फ्लॉपीवर नव्हताच, तो खोक्यात होता. इन्फोकॉम या कंपनीच्या १९८२ सालच्या ‘डेडलाइन’ या तपासकथेच्या खेळासोबत पोलिसी जबाब, प्रयोगशाळेचा अहवाल आणि गोळ्यांची पुडी येत असे, कारण एवढा मजकूर डिस्कवर मावण्यासारखा नव्हता. १९९० सालच्या ‘द सिक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये एकमेकींवर फिरणाऱ्या दोन कागदी चकत्या असत. त्यांवर समुद्री चाच्याच्या चेहऱ्याचे दोन अर्धे भाग जुळवायचे आणि विचारलेल्या ठिकाणाच्या खिडकीत दिसणारे साल टंकायचे, तेव्हा कुठे खेळ सुरू होई. हेतू नक्कल रोखण्याचा होता, पण त्या चकत्या फिरवण्यातच निम्मी गंमत होती. म्हणूनच सीलबंद खोके काचेआड ठेवण्याचा सोस मला उमगत नाही.

जपायची निकड खरी तर फ्लॉपीची आहे. आपल्याकडच्या दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते, आणि तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर डिस्क आणि ड्राइव्हचे हेड, दोन्हींची वाट लागू शकते. साडेतीन इंची फ्लॉपीची कोपऱ्यातली खिडकी उघडून, किंवा सव्वापाच इंचीची खाच चिकटपट्टीने झाकून, आधी तिच्यावरचे लेखन बंद करावे. मग फ्लॉपी ड्राइव्ह संगणकाला जोडणाऱ्या ग्रीझविझलसारख्या उपकरणाने फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे तिच्यावरच्या माहितीची हुबेहूब प्रत, संगणकावर काढून घ्यावी आणि खेळताना तीच वापरावी.