शेतातील पर्जन्यमापक आणि वडिलांची सही

खानापूरकर:
गेल्या मे महिन्यात, धूळवाफ पेरणीच्या (पावसाआधी कोरड्या मातीत होणाऱ्या पेरणीच्या) गडबडीत, हवामान आणि भातपीक यांचा अभ्यास करणारी काही मुले आमच्या गावी आली होती. त्यांनी वडिलांच्या शेतात स्वयंचलित पर्जन्यमापक बसवला, उताऱ्याची झेरॉक्स घेतली, कर्ज किती आहे ते विचारले आणि कन्नड-इंग्रजीत छापलेल्या कागदावर सही घेतली. वडील कन्नड बोलतात, पण त्यांना ते वाचता येत नाही. 2019 च्या महापुरापासून टॅब घेऊन येणारा माणूस पंचनाम्यालाच आला, असे आमच्याकडे धरले जाते. त्यामुळे वडील अजून भरपाईची वाट पाहत आहेत. याला संमती म्हणावे का, आणि आता माघार घेता येईल का?

शिवारातला अभ्यासक:
सही झाली, संमती झाली नाही. भरपाईच्या आशेने दिलेला होकार हा मुळात वेगळ्याच गोष्टीला दिलेला होकार असतो, आणि तो गैरसमज स्वतःहून दूर करणे हे संशोधकाचे काम आहे, शेतकऱ्याचे नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आरोग्यविषयक संशोधनासाठी आहेत. त्यामुळे ‘आम्ही तर फक्त पाऊस मोजतो’ असे म्हणून शेतीचे अभ्यासक मोकळे होतात. पण कर्जाचा प्रश्न विचारला, त्या क्षणी अभ्यास शेताचा न राहता माणसाचा झाला.

भाषेचा मुद्दा तर अधिकच स्पष्ट आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय द्यावा, अशी तरतूद आहे, आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असेही त्यात म्हटले आहे. मात्र ठरवून दिलेले निकष पाळणाऱ्या संशोधनाला या कायद्यात सूट आहे, तीही त्या माहितीवरून संबंधित व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जात नसेल तरच. म्हणून ही माहिती विमा किंवा कर्ज देणाऱ्यांकडे जाणार आहे का, हे आधी लेखी विचारा.

निपाणीकर:
मी अशा सर्वेक्षणात प्रश्नावल्या भरून घेतल्या आहेत. ‘नाव पुसले’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका, कारण सर्व्हे नंबर किंवा जीपीएसचा बिंदू राहिला, तर गावातला कोणीही शेत ओळखतो. सरासरीत मिसळलेला आकडा परत काढता येत नाही, पण ओळख पटवणाऱ्या नोंदी काढता येतात. शिवाय ग्रामपंचायतीने गावात येण्यास परवानगी दिली, म्हणजे तुमच्या वडिलांनी दिली असे होत नाही.

खानापूरकर:
दोघांचेही आभार. आज वडिलांना सगळे मराठीत समजावून सांगितले. भरपाईचे ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, यंत्र राहू दे, कर्जाचा रकाना तेवढा खोडायला सांग, आणि आपल्या शेतात किती मिलिमीटर पडला ते रोज सकाळी साडेआठच्या नोंदीनंतर आपल्यालाही कळवायला सांग. तसे पत्र उद्या देत आहे.