कोऱ्या लाकडाला घरी रंग-पॉलिश: तुमचे अनुभव लिहा

सुताराने सागाचं बाकडं करून दिलं तेव्हा पॉलिश मीच करणार, असं त्याला सांगून टाकलं होतं. बाकडं झालं, मनासारखं झालं, पण वाटेत इतक्या ठिकाणी अडलो की हा धागा काढावासा वाटला. ज्यांनी ज्यांनी घरी असं काम केलंय त्यांनी लिहा. काय चुकलं ते आधी, जमलं ते नंतर.

माझ्यापासून सुरुवात. चपडी लाख घेतली, लिटरभर स्पिरिटला 120 ग्रॅम. रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी गाळली आणि मलमलीत कापूस बांधून केलेल्या पुरचुंडीने हात दिले. चार हात छान बसले. पाचवा जुलैच्या भर पावसात दिला आणि बघता बघता बाकड्यावर दुधी ढग उठले. स्पिरिट उडताना लाकूड वरून गार पडतं, हवेतली ओल त्यावर धरते आणि लाखेतच अडकते. उघडीप मिळाली त्या दिवशी पुरचुंडीला जेमतेम स्पिरिट लावून हलकेच फिरवली, तेव्हा ढग विरले. लाखेला गरम कप सोसत नाही, म्हणून जेवणाच्या टेबलाला मी ती लावणार नाही. – पुणे

*

आमच्याकडे फणसाच्या लाकडाचा देव्हारा केला. ताजं फणसाचं लाकूड हळदीसारखं पिवळंधमक असतं. मला तो रंग भडक वाटला म्हणून गडद स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारला. सासूबाई म्हणाल्या, "अगो, थांबली असतीस तर आपसूक तांबूस झालं असतं." खरंच आहे, आमचा जुना पाट फणसाचाच, आणि तो आता मधासारखा दिसतो. देव्हाऱ्याची दारं मी पुन्हा घासून कोरी केली आणि नुसतं जवसाचं तेल लावलं. खांबांच्या नक्षीतला स्टेन मात्र निघाला नाही, तो दर पूजेला दिसतो. – देवरुख

*

ताई, जवसाच्या तेलाचं नाव निघालं म्हणून कळकळीने लिहिते. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका! हे तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळ्यात ती कोंडली की चिंधी आपोआप पेटते. आमच्या गॅलरीतल्या प्लास्टिकच्या बादलीला अशीच आग लागली. आम्ही घरात होतो म्हणून निभावलं. चिंध्या दोरीवर एकेक सुट्या वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. – डोंबिवली

*

इथे दुकानात कोऱ्या पाइनचं फर्निचर तयार मिळतं. लेकीसाठी पुस्तकांची मांडणी आणली आणि अक्रोडी रंगाचा स्टेन थेट फासला. अंगावर चट्टे उठावेत तशी दिसायला लागली. पाइनमध्ये मऊ भाग रंग ढसाढसा पितो, कडक भाग पीत नाही. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना तर काळपट कडाच आल्या. सगळं 80 नंबरच्या सँडपेपरने घासून काढलं, मग 120, 180 असं बारीक पेपरकडे चढत गेलो. स्टेनच्या आधी अगदी पातळ लाखेचा एक हात दिला, तेव्हा रंग सारखा बसला.

दुसरी मांडणी पांढरी रंगवली. चारेक महिन्यांनी गाठींच्या जागी पिवळे डाग वर आले. ती गाठीतली राळ. प्रायमरच्या आधी प्रत्येक गाठीवर लाखेचे दोन हात द्यायला हवे होते. – न्यू जर्सी

*

नागपूरच्या मे महिन्यात ऑइल पेंट ब्रशखालीच ओढला जातो, रेघा राहतात. पहाटे साडेपाचला सुरू करून आठला डबा बंद, असं केल्यावर खुर्च्या नीट झाल्या. – नागपूर

*

माझे बाबा पॉलिशचं काम करायचे. लहानपणी त्यांच्यासोबत घासायला मी असायचे, त्यामुळे हा धागा वाचताना स्पिरिटचा वास आल्यासारखं झालं.

सगळ्यांनी वर हातांबद्दल लिहिलंय. बाबांचा जास्त वेळ घासण्यातच जायचा. नेहमी रेषांच्या दिशेने, आडवं कधीच नाही, कारण आडवा ओरखडा कोऱ्या लाकडावर दिसत नाही, रंग चढला की उठून दिसतो. ओल्या फडक्याने पुसून लाकडाचे तंतू उभे राहू द्यायचे, वाळले की पुन्हा हलकं घासायचं. स्टेन द्यायचा असेल तर 220 नंबरच्या पेपरपुढे जात नसत. लाकूड फार गुळगुळीत झालं की रंग पीत नाही. सागाची छिद्रं भरायला खडूची पूड, गेरू आणि पिवडी कालवायचे. रंग जुळला का ते पाहायला आधी फळीच्या खालच्या बाजूला लावून बघायचे.

शेवटी दिवा आडवा धरायचे. उजेड बाजूने पडला की राहिलेला ओरखडा सावली टाकतो. तोही पुरेना तर डोळे मिटून तळहात फिरवायचे आणि म्हणायचे, "इथे घास, बाळा." मला तिथे काहीच लागत नसे.

या दिवाळीत त्यांची हत्यारांची पेटी घासायला घेतली. आतून ती कायम कोरीच होती. झाकणाच्या आत त्यांनी वेगवेगळ्या रंगांचे बोटाएवढे पट्टे ओढून ठेवलेत, गिऱ्हाइकाला दाखवायला. तेवढं झाकण मी घासलेलं नाही. – सांगली